ठोकळ्यातली पोकळी

एअरोजेल या अतिहलक्या, सच्छिद्र पदार्थाच्या निळसर, धुक्यासारख्या ठोकळ्यात तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी होती. हिमानीच्या आराखड्यात ती नव्हती.

बुलढाण्याच्या कॉलेजातल्या थ्रीडी प्रिंटरवर तिने रोज नवा ठोकळा छापून पाहिला. पोकळी दर ठोकळ्यात वाढतच गेली. आज भिंगाखाली आकार स्पष्ट दिसला: स्टुलावर बसलेली बाई, पाठीवर वेणी.

"काऊन वं हिमानी, पुन्हा प्रिंट काढून राह्यली?" विभागप्रमुख रमाकांत सर हसले. "राजीनामा तीन वर्षांपासून पर्समंधीच हाय ना? तू काई जात नाही कुठी!"

हिमानीने पुन्हा भिंगाला डोळा लावला. आतली बाई उभी राहिली होती.

हिमानीही उठायला गेली, पण तिला स्टुलावरून हलता येईना. ओठही उघडेनात.

ठोकळ्यातून तिचाच आवाज आला, "सर, मी नोकरी सोडून चालले."