नमुन्यासाठी एक नंबर

आजचं काम तडीस गेलं तर तिचा फायदा ठरलेला होता: टीमचं प्रमुखपद, बसायला वेगळी खोली, आणि ज्या कारखान्यात बाबांनी क्रेन चालवण्यात उमेदीची वर्षं घातली, तिथल्याच मोठ्या साहेबांसमोर उभं राहून बोलण्याची संधी. खरं सांगायचं तर पहिल्या दोन गोष्टींसाठी ती एवढ्या लांबून आलीच नसती.

कारखान्यात तीन सिस्टिम होत्या. दवाखान्याची एक, पाळ्यांच्या तक्त्याची एक, गेटची एक. एका घरात अबोला धरून नांदणाऱ्या तीन जावाच म्हणा ना. निरोप्याचं काम हजेरीबाबूंकडे: रोज सकाळी एकीचं छापून घ्यायचं आणि दुसरीत हाताने भरायचं. तिने आपल्या ऑफिसात बसून चार महिने खपून तिघींना थेट बोलायला लावलं होतं. आता मध्ये कागद नको. बाबूंना नव्या पडद्यासमोर बसवणार होते, नुसतं लक्ष ठेवायला.

"कुठलाही एक नंबर टाका," मोठे साहेब म्हणाले. "बघू तुमची जादू."

कुठलाही कशाला? शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर भरलेला बाबांचा कामगार नंबर तिला तोंडपाठ होता. एकतीस वर्षांत एक अपघात नाही, एक शेरा नाही. मिरवायचं तर यांनाच. तिने कळफलकाकडे न बघता नंबर मारला.

तिन्ही नोंदी शेजारी शेजारी उमटल्या आणि खाली लाल पट्टी. दवाखाना: दोन्ही डोळ्यांची दृष्टी अधू, क्रेनसाठी कायमचे अपात्र, तारीख तीन वर्षांपूर्वीची. पाळ्यांचा तक्ता: क्रेनचालक. गेट: रोजचा प्रवेश, सुट्या भागांचं गोदाम.

साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "पहिल्याच फटक्यात चोर पकडला की हो!"

कोपऱ्यातले हजेरीबाबू उभे राहिले. "साहेब, तीन वर्षांत ते क्रेनवर चढलेले नाहीत. गोदामात बसून काम करतात. माणसाचा हुद्दा जाऊ नये, म्हणून दवाखान्याची ती चिठ्ठी मीच पुढे भरली नाही."

"म्हणजे चोर तुम्ही. उद्यापासून येऊ नका." साहेब तिच्याकडे वळले. "तो म्हातारा आजारी माणूस, त्याचा काय दोष? नियमाप्रमाणे घरी बसवू, पेन्शनसकट. तुम्ही मात्र कमाल केलीत, बाई."

पडद्यावरचं आडनाव आणि तिच्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव एकच होतं. ते जुळवून पाहायचं साहेबांना काही सुचलं नाही. ती 'थँक्यू सर' म्हणाली आणि बाहेर पडली.

गोदामात बाबा एका ट्रेमधले बोल्ट निवडत होते. बघून नाही, बोटांनी चाचपून. तिने हाक मारायच्या आधीच म्हणाले, "आलीस? पाय आपटत चालायचं तुझ्या आईकडूनच उचललंस."

"बाबा, तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? फोनवर विचारतेस, क्रेन काय म्हणते? मी म्हणतो, बरी आहे. ती बरीच आहे."

"आईला माहीत आहे?"

"तिला माझ्या आधी कळलं. तीच आहे समजून मी शेजारणीला हाक मारली ना, तेव्हाच."

ती हसली नाही. वर काय घडलं ते तिने सांगून टाकलं. साहेब काय म्हणाले ते, बाबूंचं काय झालं ते, आणि नंबर कोणी टाकला तेही. बाबांची बोटं ट्रेमध्ये तशीच थांबली.

"साहेबांपुढे बोलताना अडखळली नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं तर. कागद घे. सांगतो ते लिही."

दवाखान्याची चिठ्ठी मी स्वतः दाबून ठेवली. ती पुढे भरू नये म्हणून हजेरीबाबूंना मी धमकावलं. त्यांनी आज जे सांगितलं ते माझ्याच भीतीपोटी.

"बाबा, हे साफ खोटं आहे! तुम्ही आयुष्यात कुणाला धमकावलं नाहीत. असं लिहून दिलंत तर बडतर्फ करतील. पेन्शनही जाईल. निवृत्तीला आठ महिने राहिलेत फक्त!"

"बाबूच्या पोरी अजून शाळेत आहेत. माझी पोरगी साहेब झाली. लिही."

"मी नाही लिहिणार."

"नको लिहूस. मी लिहितो. कुणाला वाचता येणार नाही, एवढंच. मग साहेब मला वर बोलावतील आणि मी तुझ्यासमोर उभा राहून सांगेन. ते बरं दिसेल का?"

तिने लिहिलं. सुवाच्य, एकही खाडाखोड न करता. मग त्यांच्या हातात पेन दिलं, त्यांचं बोट धरून कागदाच्या तळाशी नेऊन ठेवलं आणि सोडलं. त्यांनी झोकात सही केली, बँकेत करायचे तशी, खाली दोन टिंबं देऊन.

"रेघेवर आली ना?"

"आली," ती म्हणाली.

कागद साहेबांकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं भलं झालं. हजेरीबाबूंची नोकरी वाचली. तिघी जावा बोलू लागल्या. तिच्या बढतीचं पत्र निघालं. आणि ज्याने या सगळ्याची किंमत मोजली, त्याची सही अर्धी कागदावर होती, अर्धी गोदामाच्या टेबलावर.