पेटवू का?

“वहिनी, पेटवू का?”

खालून धाकटीचा आवाज आला आणि थोरलीने सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. घरचाच फर्निचरचा कारखाना. वरच्या खोलीत थोरल्या जावेचं पॉलिशचं काम आणि चार पायऱ्या उतरून गेलं की धाकटीची, लाकूड चिकटवायचा सरस तापवायची शेगडी. प्रत्येक वेळी धाकटी आधी विचारणार आणि मगच काडी ओढणार. थोरली मानही वर न करता म्हणायची, “पेटव बाई, पेटव! दर वेळी काय मुहूर्त काढून हवा?”

आज मात्र तिची मान वर गेली ती गेलीच. खिडकीपुढे कायम कुठलं ना कुठलं कपाट पॉलिशसाठी उभं असायचं. सकाळीच दोघे भाऊ तिथलं शेवटचं कपाट टेम्पोत घालून पोचवायला गेले होते. खिडकी मोकळी झाली होती. तिरपं ऊन थेट समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडलं होतं आणि त्या भिंतीवर काहीतरी हलत होतं.

टेबलावर पत्र्याचा पसरट डबा होता. ब्रश बुचकळायला त्यात थिनर भरलेलं होतं. डब्याची सावली भिंतीवर अगदी ठसठशीत पडली होती. तिच्या काठावरून आणखी एक सावली खाली सांडत होती. पातळ, थरथरती.

धूर! थोरलीने दचकून डब्याकडे पाहिलं. डब्याभोवती तर काहीच नव्हतं. तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. तिथे आपलं सांडतच होतं. तिने पदराने चष्मा पुसला. तरी तेच. मग तिने डब्याच्या काठाखाली हात धरला. भिंतीवर तो ओघ हाताच्या सावलीवर आपटला, फुटला आणि बोटांच्या फटींतून खाली गेला. हाताला जरासं गार वाटलं, इतकंच.

“अगं बाई!” तिच्या तोंडून निघालं.

उभा जन्म थिनरात गेला होता तिचा. आता तिला त्याचा वासही येत नसे. नवं माणूस दारातच नाक दाबायचं, तेव्हा ही हसायची. वास काय, वर उडून जातो, अशी तिची ठाम समजूत. आणि इथे तर तो खाली उतरत होता! उतू गेलेलं दूध ओट्यावरून ओघळावं तसा टेबलाच्या कडेवरून ओघळत होता. इतकं देखणं काही तिने पाहिलंच नव्हतं. ती भान हरपून बघत राहिली.

तिची नजर त्या सावलीबरोबर खाली गेली. भिंतीच्या पायथ्याशी आली की ती सावली पसरायची आणि फरशीला लगटून सरकायची. ऊन पार जिन्याच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. तिथेही ती होती. पायरी पायरीने खाली उतरत होती. घाई नाही, गडबड नाही, घरच्याच माणसाने जिना उतरावा तशी.

“वहिनी, ऐकताय ना? पेटवू का?”

आणि पाठोपाठ काड्यापेटीचा खुळखुळाट.

थिनरची वाफ म्हणजे पेट्रोलसारखी, ठिणगीसरशी भडकणारी, आणि ती थेट धाकटीच्या शेगडीकडेच निघाली होती! ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हापासून थोरलीने तिला टोचून टोचून खाल्लं होतं. आणि ती समोर ताटावर नसली की थोरलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“नको!” ती एवढ्या जोराने ओरडली की तिची तीच दचकली. “काडी ओढू नकोस! पेटी ठेव खाली. कुठल्याही बटणाला हात लावू नकोस. मागचं दार उघड आणि अंगणात जा!”

“अहो, पण झालं काय?”

“आधी बाहेर हो म्हणते ना!”

मागचं दार करकरलं. तेव्हा कुठे थोरली जागची हलली. डब्याचं झाकण कोपऱ्यात पडलं होतं. त्यात पॉलिश पेपरचे तुकडे साठवलेले. ते तिने झटकून टाकले, झाकण डब्यावर घट्ट बसवलं, खिडकी सताड उघडली आणि पुढच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून ती अंगणात धावली. धाकटी पांढरीफटक पडून उभी होती. थोरलीने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

घर वाऱ्याला चांगलं मोकळं झाल्यावर तिने धाकटीला पुढच्या दाराशी नेलं आणि उंबऱ्याबाहेरूनच बोट दाखवलं. टेबलावर एक ओला ब्रश राहिला होता. त्याच्यावरून अजूनही एक बारीक धार भिंतीवर ओघळत होती. धाकटी बघतच राहिली.

“किती सुंदर आहे हो हे!” ती कुजबुजली. मग तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. “आणि माझ्या पायाशी येत होतं?”

“हो.”

“वाचले म्हणायची मी!” धाकटीने डोळे पुसले आणि उसनं हसू आणलं. “असू दे वहिनी, मनाला लावून घेऊ नका. एखाद्या दिवशी विसरतं माणूस झाकण लावायला.”

थोरलीला नुसतं ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. तिने भिंतीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

“विसरले नव्हते गं,” ती म्हणाली. “झाकण आज पहिल्यांदाच लावलंय.”