लॅबबंदी

रोपांच्या नमुन्यांत चक्क माणसाचा डीएनए सापडला आणि मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाची तरी लाळ पानांना लागली होती. वर्षभराचा प्रयोग पाण्यात!

“झाडांना कान नसतात, त्यांच्याशी लाडीगोडी नको, हे सांगून माझा घसा बसला! आता लॅबमधल्या प्रत्येकीची लाळ तपासा. जिची जुळेल, तिला महिनाभर लॅब बंद!”

“तुमचीसुद्धा, मॅडम?” एका विद्यार्थिनीने चाचरत विचारलं.

“हो, माझीसुद्धा!”

***

निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम बाहेरून लॅबच्या काचेला नाक लावून ओरडत होत्या, “अगं, माझ्या पिल्लांना पाणी घातलंत का? आणि त्या कोपऱ्यातल्या धाकटीची पापी घ्या गं कुणीतरी, तिला रोजची सवय आहे!”