सहा तास पुढे

ऐक ना, आणि मध्ये फाटे फोडू नकोस, नुसतं ऐक. आपल्या म्वांझा शहरातल्या त्या पेपरच्या ऑफिसात तुनू कॉम्प्युटरसमोर बसलीये, स्क्रीनवर एकच फोटो.

फोटो गुरुवारचा. सकाळची फेरीबोट धक्क्यावरून सुटतेय आणि कठड्याला टेकून उभा आहे तिचा सख्खा भाऊ सूदी. काखेत अननस, तोंडभर हसू. त्याच गुरुवारी, सकाळी सव्वाआठला, जुन्या कपड्यांचा बाजार पेटला. सूदीचं तिथल्या एका गाळेवाल्याशी वाजलेलं, म्हणून आज पोलिसांनी त्यालाच उचललं. "मी तर तेव्हा फेरीवर होतो," एवढंच तो घोकतोय.

तुनूचं कामच ते. फोटोच्या पोटात माहितीचे रकाने असतात ना, कोण, कुठे, कधी, ते बघायचे. कोण, ते तिने भरलं. कुठे, तेही भरलं. पण कधी, हे कॅमेरा स्वतःच लिहितो. आणि त्याने लिहिलंय, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. दुपारच्या फेरीचीच वेळ.

"म्झे, हे काय करून ठेवलंत?"

मसंजा, पेपरचे म्हातारे फोटोग्राफर, वडीलधारे म्हणून सगळे त्यांना म्झे म्हणतात, डोळे बारीक करून वाकले. "बरोबर तर आहे. दोनलाच काढला. सकाळच्या दोनला!"

आपलं तसंच ना गं. सूर्य उगवला की तास मोजायचे, सातला एक, आठला दोन. फोनवर आठ, तोंडात दोन, कुणाचं काही अडत नाही. पण म्झेंनी कॅमेऱ्यातही आपलेच तास लावले, आणि वर सकाळच्या जागी दुपार करून बसले.

"मग सांगू की पोलिसांना. या वयात मी खोटं बोलेन होय?"

"ते म्हणतील, कॅमेरा दाखवा."

म्झेंनी गळ्यातला कॅमेरा उचलून बघितला. घड्याळ मिनिटाला बरोबर. कालच तुनूने लावून दिलं होतं. वर हसत म्हणालीही होती, "म्झे, तुमच्या कॅमेऱ्याला शाळेत घाला!"

आता चूक दाखवायला पुरावाच उरला नाही.

दोन खोडून आठ करायचं, बस. खरं तेच. पण रकान्याला हात लावला की खाली आपोआप उमटतं, कुणी बदललं आणि कधी. तिचं नाव, आजची तारीख.

"बदल पोरी, बदलून टाक."

"आरोपीची बहीण आहे मी, म्झे. खाडाखोड केली म्हणतील."

"आणि नाही बदललं तर?"

तेवढ्यात जिन्यात बूट वाजायला लागले. "तो फेरीचा फोटो काढून ठेवा," खालूनच एक पोलीस ओरडला, "जसा आहे तसा!"

कर्सर त्या दोनच्या आकड्यापुढे लुकलुकतोय. सूदी अजून हसतोय, काखेत अननस. आणि त्याच्यामागे आभाळ भरून आलंय, ऊन नाही की सावली नाही, सकाळही म्हणता येईल, दुपारही.

सांग ना, तू काय केलं असतंस?