तिसरी डिस्क

रोजच्यासारखा दुपारी रेकॉर्डिंगं साठवणारा सर्व्हर अडला आणि रेडिओ केंद्रातल्या सगळ्यांनी इंजिनियरच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. संकलक हातावर हात ठेवून बसले. केंद्रप्रमुख स्वतः खाली सर्व्हरच्या खोलीत आले.

इंजिनियरच्या नाकी नऊ आले होते. सगळ्या डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डाची बॅटरी त्याने तपासली होती, केबल बदलल्या होत्या. सहा डिस्क एकत्र जुंपलेल्या आणि सहाही दिवे हिरवे. आज मात्र त्याने एकेका डिस्कवर नजर ठेवली आणि चोर सापडला. तिसरी डिस्क एका जागी अडखळत होती. ती जागा वाचायला तिला झटावं लागे. पण अखेर वाचून होई, म्हणून कार्ड तक्रारही करत नसे. तिच्यापायी बाकीच्या पाच ताटकळत. त्या जागेवर एकाच रेकॉर्डिंगचा तुकडा होता.

"अण्णा ऐकतात ते," केंद्रप्रमुख म्हणाले. "वाटलंच होतं मला."

अण्णा म्हणजे केंद्राचे निवृत्त निवेदक. त्यांची बायकोही इथेच निवेदिका होती. ती गेल्यापासून ते रोज दुपारी येत, ग्रंथालयातल्या संगणकावर तिचा एक जुना कार्यक्रम पुन्हा पुन्हा ऐकत आणि मुकाट्याने घरी जात. तेवढाच त्यांना आधार उरला होता.

"बंद करा त्यांचं ऐकणं. एका माणसासाठी अख्खं केंद्र वेठीला धरायचं का?"

"साहेब, रोग डिस्कला आहे, अण्णांना कशाला शिक्षा? एक दिवस द्या मला."

केंद्रप्रमुख हो-ना करत राजी झाले. इंजिनियरने तिसरी डिस्क काढून नवी बसवली. बाकीच्या पाच डिस्कवरून कार्डाने तिच्यातला मजकूर जसाच्या तसा पुन्हा उभा केला. दुसऱ्या दुपारी सर्व्हर कुठेच अडला नाही आणि इंजिनियरचा जीव भांड्यात पडला. आपण अण्णांचा आधार वाचवला, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. म्हणून तो स्वतः त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"ऐका अण्णा. एक शब्दही गेलेला नाही. उलट मध्येच अडकायचं ना, ती कटकटही मिटली."

ग्रंथालयात दुसरं कुणी नव्हतं. त्याने स्पीकर लावला. स्वच्छ, हसरा आवाज आला. "नमस्कार. कसे आहात? जेवलात का वेळेवर?" आणि लगेच, "तर आज आपण बोलणार आहोत..."

काहीतरी बोलायला उघडलेले अण्णांचे ओठ तसेच राहिले. त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"छान झालंय रे," ते म्हणाले. "फक्त आता ती माझ्या उत्तरासाठी थांबत नाही."