बाबर सरांचं राहिलेलं व्याख्यान

"वेळेअभावी..." सूत्रसंचालक म्हणाला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बाबर सरांनी घड्याळाकडं पाहिलं.

भूशास्त्र विभागाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात सकाळी मुख्य कार्यक्रम एकच होता, सरांचं व्याख्यान. सर टाळेबंदीत निवृत्त झाले, त्यामुळे निरोपाचं व्याख्यान राहून गेलं होतं. ते आता ऐकायचं, असं विद्यार्थ्यांनीच ठरवलं होतं. पण सोलापूर असो की आणखी कुठलं गाव, आपल्याकडं वेळ सत्काराला पुरतो, भाषणाला पुरत नाही. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, मग शाल आणि नारळ. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. सरांच्या वाट्याला 'आशीर्वादपर दोन शब्द' उरले. ते बोलून सर खाली बसले आणि शाल-नारळ त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोकडं दिला.

सारजाबाईंनी तो मांडीवर घेतला. व्याख्यान त्यांना पाठ होतं. महिनाभर सर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याची तालीम करत होते आणि त्या भाकऱ्या थापत ऐकत होत्या. कातळाचा भाग आला की त्यांचा हात थांबायचा. भाग रंगला म्हणायचा, असं वाटून सरांना बरं वाटायचं.

पुढं विभागाची फेरी होती. वैष्णवी नावाची एम.एस्सी.ची मुलगी सगळ्यांना हिंडवून नवी प्रयोगशाळा, नवी यंत्रं दाखवत होती. मंडळी हूं हूं करत चालली होती. जुन्या वर्गात शिरल्यावर मात्र पन्नाशीला टेकलेले ते बाप्ये आपापली जागा धरून बाकांवर बसले. पोटं बाकात मावेनात.

"सर, फळ्यापाशी उभं ऱ्हावा की," मेळाव्याचा कर्ताधर्ता युवराज मोबाइल काढत म्हणाला. "शिकवताय असं करा. फोटो भारी येईल."

सरांनी खिशातून खडू काढला. घरून आणला होता. फळ्यावर ते एकाखाली एक थर काढू लागले आणि बोलूही लागले, "आपल्या पायाखाली जे आहे..."

"झालं सर, आला फोटो!" युवराज म्हणाला, तसा सगळा वर्ग उठला. "चला आता. कडक भाकरी, शेंगाचटणी, लई झकास बेत हाय."

"तुम्ही व्हा पुढं. एवढं चित्र पुरं करतो."

वर्ग रिकामा झाला. चित्र पुरं झालं तरी सर फळ्याकडंच तोंड करून उभे होते. वाईट वाटलं होतं त्यांना, फार वाईट. सारजाबाई पहिल्या बाकावर येऊन बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"तुला पाठ आहे सगळं."

"असू द्या की. हितं बसून कुटं ऐकलंय मी?"

वर्गाला कुलूप लावायला वैष्णवी दाराशी थांबली होती. तिच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी तीही मागच्या बाकावर टेकली.

मग सर बोलले. आपल्याकडचा खडक भाकऱ्यांच्या चवडीसारखा थराथरांनी रचलेला आहे, म्हणाले. भोकाभोकांचा मऊ थर पाणी धरतो, सलग काळा थर थेंबही धरत नाही. आणि मग त्यांचा आवडता भाग आला. "माळावर सलग काळा कातळ उघडा पडलेला दिसला, तर तिथं विहिरीचं नाव काढू नये. विहीर जाईल तिथवर खाली जा, हाती दगडच येणार. हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही, डोळे लागतात!"

वैष्णवीनं मोबाइल बाजूला ठेवला होता. सरांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला होता.

"शंका?" शेवटी त्यांनी विचारलं. नोकरीभर दर तासाला विचारत आले होते. पोरांना चहाची घाई, हात कधी कुणी वर केला नव्हता.

सारजाबाईंनी हात वर केला.

सर खुलले. "विचार, विचार!"

"आमच्या आबांनी सांगोल्याला माळावर हीर पाडली. तितं असाच कातळ हुता, उघडा. धुणं वाळत घालायचो आमी त्येच्यावर."

"बरं," सर म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"कुदळ मारायच्या आदी नारळ तुमच्या हातनं फोडला. जावई शिकलेला हाय, दगडातलं कळतंय म्हणून." सारजाबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीत मीठ टाकलं का, असं विचारावं तसं त्या विचारत होत्या. "पाणी काय लागलं न्हाय. आबा मरंस्तवर म्हणत हुते, आजून एक परस खोल गेलं की लागंल. तवा तुमी का बोलला न्हाय?"

"नवा जावई होतो. शुभकार्यात कसं..." सर म्हणाले.

वैष्णवीनं मान खाली घातली. बाहेरून युवराज जेवायला हाका मारत होता. सर खडू हातात धरून फळ्यावरच्या काळ्या थराकडं बघत राहिले.

सारजाबाईंच्या मांडीवर नारळ होता, आणि हात अजून वरच होता.