राखेत निवलेले गळ

"चांगला लाल झाल्याशिवाय वाकवू नकोस हं," नवरा दारातूनच म्हणाला.

तिला सांगायची गरज नव्हती. त्याची बोटं थरथरायला लागल्यापासून घरच्या जिगांचे, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या आमिषांचे, गळ तीच वाकवत होती. दांडा ज्योतीवर धरायचा, लाल झाला की पकडीनं काटकोनात वळवायचा, मग अख्खा गळ पुन्हा तापवून तेलात बुडवायचा. शेवटी साच्यात ठेवून त्याला शिशाचं डोकं ओतायचं. तेलानं पोलाद परत कडक होतं. तेल चुकवलं तर गळ दिसतो तसाच, पण जोराची ओढ बसली की उघडतो.

आज तिनं तेल चुकवलं. दाराकडे पाठ करून ती एकेक लाल गळ राखेत खुपसत होती, सावकाश निवायला.

खडकाखालच्या एका मोठ्या माशानं नवऱ्याला वेड लावलं होतं. लाटा अंगावर येत, आणि हा आपला खडकावर हट्टानं उभा. इकडे घरात तिचा जीव टांगणीला. काल भांडण विकोपाला गेलं तेव्हा तो म्हणाला, "या खेपेला निसटला ना, तर पुन्हा खडकाचं नाव काढणार नाही. झालं समाधान?" दिलेला शब्द तो मोडत नसे. म्हणजे मासा निसटायलाच हवा होता.

त्याला फसवताना तिला वाईट वाटत होतं. पण विधवा होण्यापेक्षा लबाड ठरलेलं परवडलं.

निघायच्या वेळी शेजारी आला. तोही खडकावरचाच गडी.

"वहिनी, मलाही एक जिग द्या की. तुमच्या गळाला लागलेला अजून सुटलेला नाही," त्यानं नवऱ्याकडे बघत डोळा मारला.

नवरा खो खो हसला. ती घुटमळली. नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? तिनं एक दिला. फार तर त्याचाही मासा सुटेल.

दुपार कलल्यावर तिनं चहाचं आधण ठेवलं. "जाऊ द्या हो, मासाच तो," असं म्हणायचं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं.

दारात शेजारी एकटाच उभा होता, नखशिखांत भिजलेला.

"पाय घसरला त्याचा. लाट आत ओढत होती. मी जिग फेकला, तो नेमका जाकिटाच्या कॉलरीत रुतला, वहिनी. पार खडकापर्यंत ओढत आणलं होतं मी त्याला. हात धरणार, एवढ्यात..."

त्यानं मूठ उघडली. शिशाच्या डोक्याखालचा गळ सरळ झाला होता.